लांबच्या ऑफरोड ट्रिपला कुठल्या टोकाकडून निघायचं?

मा. संपादक,

पेपरात बाईकच्या लांब ऑफरोड ट्रिपवर लेख येतात, त्यात गाडी कुठली, टायर कुठले, सामान किती सगळं असतं, पण रूट कुठल्या टोकाकडून सुरू करायचा यावर एक ओळ पण नसते. माझ्या मते अर्धी ट्रिप तिथेच ठरते म्हणून हे पत्र.

बहुतेक जण जे टोक जवळ पडतं तिथून निघतात. मीही तेच केलं. आठ दिवसांचा रूट होता आणि सगळ्यात अवघड घाट दुसऱ्याच दिवशी आला, तोही उतरणीचा, सामान फुल, टाकी फुल, लोडेड गाडीवर अजून हात बसलेला नाही आणि खाली सगळे सुटे दगड. चढताना निदान थ्रॉटल धरून वेग टिकवता येतो, उतरताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला की चाक लॉक होऊन घसरतंच. दोनदा पडलो, क्लच लिव्हर तुटला, मनगट सुजलं ते शेवटपर्यंत. तोच रूट उलटा केला असता तर हाच घाट सातव्या दिवशी चढणीचा म्हणून आला असता.

अमेरिकेतला ट्रान्स अमेरिका ट्रेल बघा. सॅम कोरेरो यांनी आखलेला हजारो किलोमीटरचा कच्चा रूट, आणि बरेच रायडर तो पूर्वेकडून पश्चिमेला ऑरेगनच्या किनाऱ्यापर्यंत करतात. पूर्वेकडचे रस्ते तुलनेने सोपे, कोलोरॅडोतल्या 3,500 मीटरच्या वरच्या खिंडी नंतर येतात तोवर गाडी अंगवळणी पडलेली असते. शिवाय त्या खिंडीत जूनमध्येही बर्फ असतो, पूर्वेकडून निघालं की तो वितळायला आपोआप वेळ मिळतो. तोटा एकच, रोज दुपारनंतर ऊन सरळ डोळ्यात, आणि पुढच्या गाडीची धूळ त्यात मिसळली की खड्डा दिसतच नाही, म्हणून पहाटे निघून दुपारी लवकर थांबायचं.

उंचीचं तर अजिबात हलक्यात घेऊ नका. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात, मग ज्या बाजूने चढ हळूहळू आहे तीच बाजू धरायची, भले दोन दिवस जास्त लागू देत. बर्फाच्या पाण्याचे ओढे दुपारी फुगतात, सकाळी तेच गुडघ्याखाली असतात, त्यामुळे कुठल्या दिशेने गेलो तर ओढा सकाळी लागेल हे मुक्काम ठरवतानाच बघायला हवं. वाऱ्याचं मात्र दरवेळी जमत नाही, दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियात रूटा 40 हा अर्जेंटिनाचा लांबलचक हायवे उत्तर-दक्षिण जातो आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे कुठूनही निघा तो आडवाच लागणार.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी अशा रूटचा नकाशा छापाल तेव्हा त्यावर दिशेचा बाण पण छापा, आणि सगळ्यात अवघड टप्पा त्या दिशेने कितव्या दिवशी येतो, चढणीचा की उतरणीचा, हे लेखकाला लिहायला सांगा.

आपला,
एक नियमित वाचक