भांडत जा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मोकळं बोलता आलं नाही, आई शेजारीच बसली होती. म्हणून लिहितोय.

सूनबाईला आमवात निघाल्यापासून तू घरात फार शहाण्यासारखा वागतोयस, असं आई म्हणाली. कौतुकानं नव्हे.

आमचं सांगतो. तुझ्या आईचा आमवात 14 वर्षांचा. सुरुवातीला सकाळी तास-दीड तास बोटं मिटायचीच नाहीत. भाकरी थापणं बंद झालं, नळाच्या पाळीला पाणी मी एकटाच भरू लागलो. त्याचं काही नाही. चुकलो ते दुसरीकडेच. आज बरणीचं झाकण उघडत नसे, पण काल तिनंच उघडलेलं असे. एकदा बोलून गेलो, "काल तर उघडलंस की!" हा रोग असाच, एक दिवस सोडतो, दुसऱ्या दिवशी धरतो. सूज बाहेरून दिसेलच असं नाही. त्या एका वाक्यानंतर तिनं दुखतंय म्हणून सांगणंच सोडलं.

मग मी घाबरलो आणि दुसऱ्या टोकाला गेलो. भाजी खारट झाली तरी गप्प. ती म्हणेल ते हो. रात्री माझा धक्का लागायला नको म्हणून हॉलमध्ये सतरंजी टाकली. केवढी काळजी घेतोय, असं मलाच वाटायचं. सहा महिन्यांनी म्हणाली, "भांडत का नाही हो तुम्ही आता? मेले का मी?"

त्या रात्री चादर उचलून आत आणली. पुढचं बापानं लेकाला लिहू नये.

एका गोष्टीत मात्र कडक राहा. आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आमच्याकडे तिचा वार रविवार, सोमवारी फॉलिक ॲसिड, कॅलेंडरवर खूण. आणि ती गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. मुलाचा विचार असेल तर आधी दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, तिला एकटीला पाठवू नकोस. आई हा विषय काढणार नाही, मी दटावलंय.

यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी, देवाच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्यावर जायचंच म्हणून आई हटून बसली. एवढ्या गर्दीत! रिक्षा मिळेपर्यंत भांडलो. गेलो. दोन दिवस तिचे घोटे सुजले. माझंच बरोबर होतं, आणि ते मी सुनावलंही. तिनं दोन दिवस माझ्याकडूनच पाय शेकून घेतले.

सोबत शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवतोय. भाकरी मोडायला सूनबाईला जड जाईल. तिनं सांगितल्याशिवाय मोडून देऊ नकोस.

तुझे,
अप्पा