हॅरोच्या काकांना, गॅसच्या बिलाबद्दल

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि आमच्या आईंना साताऱ्याच्या पावसाबद्दल विचारायला लागता. शिवाय आमच्या गॅसच्या बिलात तुम्ही जे शोधून काढलंत ते इंग्लंडमधल्या जुन्या घरांत राहणाऱ्या सगळ्याच मराठी मंडळींच्या कानावर जायला हवं.

आम्ही २०२२ च्या ऑक्टोबरात इथे, लंडनच्या हॅरो भागात, भाड्याने राहायला आलो. त्याच महिन्यापासून सरकारने गॅसचा दर सरासरी १०.३ पेन्स प्रति किलोवॉट-तास एवढ्यावर रोखून धरला होता. रोखलेला असूनही तो आदल्या हिवाळ्याच्या दुपटीहून जास्तच होता. युक्रेनच्या युद्धानंतर सगळ्यांचीच बिलं फुगली होती, त्यामुळे कुणाला विचारावं तर उत्तर एकच, "आमचंही वाढलंय." आमच्या बिलातली चूक त्या गर्दीत लपून राहिली. एरवी स्वस्ताईच्या दिवसांत ती पहिल्याच महिन्यात डोळ्यांत भरली असती.

जानेवारीचं गॅसचं बिल ४९० पौंडांच्या घरात गेलं. विजेच्या खात्यावर सरकारकडून महिन्याला ६७ पौंड मिळत होते, ते या बिलापुढे कुठल्या कुठे गेले. कंपनीने डायरेक्ट डेबिटची रक्कम वाढवत असल्याचं कळवलं. आम्ही फोन केला तर उत्तर मिळालं, थंडी कडक आहे, थर्मोस्टॅट एक अंशाने खाली घ्या, आंघोळी आटोपत्या घ्या.

काका, त्या शेवटच्या वाक्याने आमच्या घरात काय झालं ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून आल्या होत्या. फोन स्पीकरवर होता. आईंना इंग्रजी फार येत नाही, पण 'शॉवर' एवढं त्यांना बरोबर कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्या एक किटली पाणी तापवून बादलीत विसण घालून घ्यायला लागल्या. रात्री त्यांच्या खोलीतला रेडिएटर त्या स्वतःच बंद करायच्या आणि स्वेटरवर शाल, शालीवर गोधडी घेऊन झोपायच्या. आम्ही कितीही समजावलं तरी त्यांचं एकच, "मी आल्यापासून तुमचा खर्च वाढला." बाळाला तेल लावायला म्हणून सकाळी तासभर हीटिंग लावायचं, तर त्याचाही त्यांना संकोच. पैशांचं दुःख होतंच, पण घरात राबायला आलेल्या माणसाला अपराधी वाटावं हे मला जास्त लागलं होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात मी काकूंजवळ बोलले आणि त्यांनी तुमच्यापर्यंत पोचवलं. तुम्ही शनिवारी सकाळी आलात. दारातच सांगितलंत, "मी आता गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) नाही. कशालाही हात लावणार नाही, फक्त बघणार." चहा नंतर म्हणालात आणि थेट जिन्याखालच्या कपाटापाशी गुडघे टेकलेत. या वयात.

तुम्ही आम्हाला बॉयलर आणि शेगडी दोन्ही बंद करायला लावलंत आणि घड्याळ लावून मीटरच्या तांबड्या आकड्यांवर नजर ठेवलीत. शेवटचा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे गळती नाही आणि मीटर आपसूक पळतही नाही. मग एक बर्नर पेटवायला सांगितलंत, तसा तो सावकाश सरकायला लागला. आत पडद्याचे कप्पे असतात, ते लोहाराच्या भात्यासारखे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, तेवढंच मोजलं जातं, हे तुम्ही माझ्या नवऱ्याला समजावत होतात तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

नंतर तुम्ही मोबाईलचा उजेड पाटीवर धरलात. काळे आकडे पाच, तांबडे तीन, आणि शेजारी इंग्रजी 'एम'च्या डोक्यावर बारीकसा तीन. घनमीटर. "आता बिल आणा," म्हणालात. त्याचं दुसरं पान आम्ही कधी उलटूनसुद्धा पाहिलं नव्हतं, पाहिलं असतं तरी उमगलं नसतं. तिथे सगळा हिशेब मांडलेला असतो: घनमीटर, गुणिले १.०२२६४ (तापमान आणि दाबासाठीची दुरुस्ती), गुणिले उष्मांक मूल्य (एक घनमीटर गॅस जाळला की मिळणारी उष्णता) म्हणजे ३९ च्या आसपासचा आकडा, भागिले ३.६, की झाले किलोवॉट-तास. आमच्या बिलात त्याच्या आधी आणखी एक गुणाकार होता, २.८३ चा. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत.

या देशातले जुने मीटर घनफुटांत मोजतात, शंभर घनफुटांचं एक माप, काळे आकडे चार. शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणून जुन्या मीटरच्या घरांत तो गुणाकार करावाच लागतो. आमच्या घरातला मीटर कधीतरी बदलून घनमीटरचा बसवला गेला, पण कंपनीच्या दप्तरी जुनाच राहिला. जानेवारीत आम्ही १५० घनमीटर गॅस वापरला होता. त्याचे खरे १७३ पौंड होत होते. आमच्या आधी इथे राहून गेलेल्यांनी किती भरले असतील कोण जाणे.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायलाच हवेत. आम्ही कंपनीला 'मीटर बिघडलाय, तपासा' असं लिहायच्या बेतात होतो. तुम्ही थांबवलंत. म्हणालात, तपासणीत मीटर ठणठणीत निघेल आणि तपासणीची फी तुमच्याच माथी येईल. मीटरबद्दल अवाक्षर न लिहिता नोंद चुकीची आहे एवढंच लिहायचं, सोबत फोटो जोडायचा, त्यात आकडे, अनुक्रमांक आणि घनमीटरची खूण एकत्र दिसायला हवी, हे तुम्ही सांगितलंत. पत्रात 'तक्रार' हा शब्द स्पष्ट घालायचा आणि तारीख जपून ठेवायची, हेही तुमचंच. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर एनर्जी ऑम्बड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, विनामूल्य जाता येतं, आणि त्यांचा निर्णय आपण मान्य केला की कंपनीला तो पाळावाच लागतो. पहिलं उत्तर पुन्हा तेच आलं, थंडी आणि थर्मोस्टॅट. आमचा धीर सुटत होता. तुम्ही तोच फोटो, तीच तारीख घालून पुन्हा पाठवायला लावलंत. आठ आठवडे भरायच्या आत कंपनीने नोंद दुरुस्त केली, ऑक्टोबरपासूनची सगळी बिलं नव्याने काढली आणि जास्तीचे पैसे परत केले.

तुम्हाला हे इतकं सहज कसं दिसलं, ते काकूंकडून नंतर कळलं. १९६७ ते १९७७ या काळात ब्रिटनमधली घरं कोळशापासून बनवलेल्या गॅसवरून उत्तर समुद्राच्या नैसर्गिक गॅसवर आणली, तेव्हा अखेरच्या वर्षांत तुम्ही त्या कामावर होतात. घरोघर जाऊन शेगड्यांचे, गीझरचे जेट बदलायचे. कोवळ्या वयात परक्या देशात अशा किती अनोळखी घरांत तुम्ही गुडघे टेकले असतील. त्यातला एखादा किस्सा तरी सांगा ना कधी, मंडळात, मुलांसमोर.

पैसे आले ती गोष्ट मोठीच. पण आमच्यासाठी त्या शनिवारी त्याहून मोठं काम झालं होतं. निघताना तुम्ही आईंना म्हणालात, "वहिनी, तुमच्या आंघोळीचा यात काडीचाही संबंध नाही. कागदावरची चूक आहे, आणि ती तुम्ही यायच्या आधीपासूनची आहे." आम्ही दोघं हेच वेगळ्या शब्दांत आठवडेच्या आठवडे सांगत होतो, त्यांना पटत नव्हतं. तुमचं पटलं. त्या रात्री त्यांनी रेडिएटर चालू ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बादली बागेत नेऊन ठेवली.

काकूंचेही आभार. हळदीकुंकवाच्या गडबडीत माझं रडगाणं त्यांनी मन लावून ऐकलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता एक विनंती. तुमच्या सांगण्यावरून मी मीटरचा आणि बिलाच्या दुसऱ्या पानाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर वेल्डस्टोनमधल्या एका कुटुंबाचा निरोप आलाय: मीटर पाच आकड्यांचा आणि बिलात २.८३ चा गुणाकार. त्यांच्याकडे एक वर्षाची बिलं आहेत. तुमची सवड सांगा, आमच्याकडेच बोलावते त्यांना. जेवूनच जा दोघंही, आई पुरणपोळी करणार आहेत.

आपली,
मागच्या रस्त्यावरची सातारकर सून