स्टेरॉइडच्या व्हायलचे लेबल आणि रुग्णपत्रिका यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मिथाइलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट 40 मिग्रॅ/मिली आणि डेक्सामेथासोन यांच्या सारख्या दिसणाऱ्या व्हायल

महोदय,

कंबरदुखी व सायटिकाच्या रुग्णांसाठी लागणारी ही दोन्ही औषधे आमचे वेदना उपचार केंद्र आपल्याकडून घेते. या खेपेत दोन्हींच्या व्हायल एकाच उंचीच्या, एकाच निळ्या झाकणाच्या आल्या आहेत. नाव तेवढे वेगळे, तेही बारीक अक्षरात.

मिथाइलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट हे सस्पेन्शन आहे, त्यात न विरघळलेले कण असतात. डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट हे स्वच्छ द्रावण. नस मणक्यातून जिथे बाहेर पडते तिथे इंजेक्शन देताना सुईचे टोक चुकून मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गेले, तर हे कण रक्तप्रवाह अडवतात आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. डाय (एक्स-रेत दिसणारे द्रव्य) सोडून एक्स-रेच्या पडद्यावर खात्री केली तरी हा धोका पुरता जात नाही. म्हणूनच या मार्गाने आधी डेक्सामेथासोन वापरतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2014 मध्ये एपिड्युरल (मणक्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेल्या) स्टेरॉइडमुळे क्वचित, पण गंभीर मज्जासंस्थेची इजा होते असा इशारा दिला होता. या वापराला त्यांची मान्यताही नाही. आपल्या लेबलवर ‘इंजेक्शनसाठी’ एवढेच छापले आहे.

रंगावरून ओळखावे, तर तेही जमत नाही. व्हायल उभी ठेवली की साका तळाशी बसतो, वर निवळी राहते आणि आपले लेबल नेमका तळ झाकते. वरून दिसते ते डेक्सामेथासोनसारखे पाणीच. शिवाय न हलवता सिरिंज भरली तर निवळीच आत येते, औषध तळाशीच राहते, आणि केसपेपरवर ‘इंजेक्शनचा फायदा नाही’ असा शेरा पडतो. हलवण्याची सूचना घडी घातलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला आहे. तो कागद प्रक्रियेच्या टेबलावर कोण उलगडतो? काही व्हायलमध्ये साका इतका घट्ट आहे की मिनिटभर हलवूनही सुटत नाही. त्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, तपासणीसाठी मागवून घ्या आणि वाहतुकीतील तापमानाची नोंद पाठवा.

सोबतच्या रुग्णपत्रिकेत ‘एका इंजेक्शनात कायमची सुटका’ असे लिहिले आहे. हे खोटे आहे. स्टेरॉइड नसेभोवतीची सूज उतरवते, मणक्यांमधली सरकलेली चकती जागेवर बसवत नाही. आराम मिळालाच तर काही आठवडे, फार तर काही महिने. तेवढ्यात व्यायाम सुरू करायचा असतो. चकतीमुळे पायात उतरणाऱ्या कळेवर या इंजेक्शनचा उपयोग जास्त, नुसत्या कंबरदुखीवर कमी. मणक्यातील जागा अरुंद झालेल्या 400 रुग्णांच्या 2014 मधील चाचणीत, भुलीच्या औषधात स्टेरॉइड मिसळूनही सहा आठवड्यांनी म्हणण्यासारखा जादा फायदा दिसला नाही. मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी सांगावे लागते, यांपैकी एक ओळही पत्रिकेत नाही.

सस्पेन्शनच्या झाकणाचा रंग बदला, तळ उघडा राहील असे लेबल लावा, ‘सस्पेन्शन, वापरण्यापूर्वी हलवा’ हे समोरच्या बाजूला ठळक छापा. पत्रिका तोवर मागे घ्या. आधीची खेप बदलून मिळेपर्यंत पुढची मागणी आम्ही थांबवली आहे.

आपले,
औषध विभाग, वेदना उपचार केंद्र