सिस्टर दवाखान्यातून बँकेत का आल्या?

संपादक महोदय,

मिशनरी संस्थांवरून आपल्या पत्रस्तंभात जी खडाजंगी चालली आहे ती मी नेमाने वाचतो. एक पत्र 'सेवेच्या बुरख्याआड धर्मांतर' म्हणते, दुसरे 'त्यागमूर्ती' म्हणून हात जोडते. यांपैकी कोणी बागली तहसिलीतल्या किंवा झाबुआ-अलीराजपूरकडच्या एखाद्या फलियात, म्हणजे आदिवासी वस्तीत, जाऊन आले असेल असे मला वाटत नाही. माझी नोकरी बँकेतली आणि तिचा मोठा भाग देवास आणि धार जिल्ह्यांतल्या ग्रामीण शाखांत गेला. सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, मला भेटल्या त्या काउंटरच्या पलीकडे, हातात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या. म्हणून हे पत्र.

इंदुरातल्या मराठी घरांना सिस्टर ठाऊक असतात त्या शाळेच्या अ‍ॅडमिशनपुरत्या, नाहीतर एखाद्या नर्सिंग होममध्ये झालेल्या बाळंतपणापुरत्या. गावातली सिस्टर निराळी. बहुधा केरळची, नर्सिंग शिकलेली, इथे येऊन हिंदी आणि मग कामापुरती भिली शिकलेली. दोघी-तिघी एका घरात राहतात. सकाळी दवाखाना, दुपारनंतर औषधांची पिशवी घेऊन फलियांत फेरी. खरूज, जुलाब, मलेरिया, अडलेली बाळंतीण, टीबीच्या गोळ्या मध्येच सोडून मजुरीला गुजरातेत निघून गेलेला माणूस. हे शेवटचे प्रकरण सर्वांत कठीण, कारण गोळ्या संपवायला तो माणूस आधी गावात सापडावा लागतो. त्यातले काही तिकडच्या दगड दळण्याच्या कारखान्यांतून सिलिकोसिस, म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, घेऊन परत येतात आणि टीबीचे म्हणून औषध खात राहतात.

आता बँकवाल्याचे निरीक्षण सांगतो. आदिवासी गावात आजार आणि कर्ज एकाच खात्यावर लिहिलेले असतात. पेरणीला बियाणे-खत उधारीवर आणलेले असते. ऐन पावसाळ्यात घरात ताप येतो तेव्हा हातात दमडी नसते. जवळ असतो तो 'बंगाली डॉक्टर', म्हणजे बिनपदवीचा वैदू, मग तो बंगालचा असो वा नसो. तो सलाईनची बाटली चढवतो. तीन-चार बाटल्यांनी उतरले नाही की जीप करून इंदूर, एम. वाय. हॉस्पिटल. उपचार तिथे सरकारी असतो, पण जीप, बाहेरून आणायची औषधे, सोबतच्या माणसांचे खाणे यांचे पैसे कुठून येणार? बायकोच्या गळ्यातली-पायातली चांदी सावकाराकडे जाते, आणि पीक निघाले की तेही त्याच्याच दारात तोलले जाते. तापावर दहा रुपयांची गोळी वेळेवर मिळाली असती तर ही साखळी सुरूच झाली नसती. ज्या बाईने दवाखान्यात बसून हे चार हंगाम पाहिले, ती पाचव्या हंगामात त्या माणसाला घेऊन बँकेत येणारच.

सिस्टर राणी मारिया अशाच आल्या. केरळातल्या पुल्लुवळीच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. १९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. योगायोग असा की बचत गटांना बँकेशी जोडण्याचा नाबार्डचा प्रयोगही त्याच साली सुरू झाला. त्या काळात बैल-बकऱ्यांसाठी सरकारी अनुदानाची कर्जे मिळत, पण अर्ज भरणारा दलाल अनुदानातला लचका आधी तोडून घेई. गावकऱ्यांनी एकत्र यावे, थोडे थोडे साठवावे, योजनेचा कागद स्वतः मागावा, सावकाराकडे न जाता बँकेत जावे, एवढेच त्यांचे शिकवणे होते. सावकार-जमीनदारांच्या दृष्टीने याहून घातक काही नव्हते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, भर प्रवाशांदेखत, त्यांना भोसकले गेले. अंगावर ५४ जखमा होत्या.

पुढची कथा सर्वत्र सांगितली जाते. मारेकरी समंदर सिंह जन्मठेप भोगत असताना राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाने माफी दिली आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच पोपच्या प्रतिनिधीने राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. हे मोठेच आहे. पण माझी एक तक्रार आहे: क्षमेच्या गोष्टीत कर्जाची गोष्ट बुडून जाते. त्यांचा खून का झाला हे विचारले तर निम्मे लोक 'धर्मावरून' म्हणतात. धर्माहून जुने असे व्याजाचे कारण कोणी सांगत नाही.

धर्मांतराच्या प्रश्नाला बगल द्यायची नाही. सक्तीने किंवा आमिषाने धर्म बदलवण्याविरुद्ध मध्य प्रदेशात १९६८ पासून कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाने तो १९७७ मध्ये वैध ठरवला, २०२१ मध्ये त्याहून कडक कायदा आला. तक्रार असेल तर पोलिसांत द्यावी. आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेचे पत्रक ठेवू नये याच मताचा मी आहे. पण २०११च्या जनगणनेत या राज्यात ख्रिस्ती ०.३ टक्क्यांच्या आसपास होते. एवढी वर्षे चाललेल्या दवाखान्यांचा 'खरा हेतू' तोच असेल, तर धंदा फारच बुडीत म्हणायचा.

वरून हुकूम आला आणि या बायका निघाल्या, असाही एक समज दिसतो. इतिहास उलटा आहे. साधू-साध्वींनी शस्त्रक्रिया आणि बाळंतपणे करू नयेत असा चर्चचाच नियम होता. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नाहीत आणि मरतात, हे रावळपिंडीत पाहिलेल्या अ‍ॅना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टर बाईने १९२५ मध्ये वैद्यकीय सेवेसाठी बायकांचा संघ काढला. रोमने बंदी उठवली ती १९३६ मध्ये. गुंटूरच्या डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी तर विशेष परवानगी काढून १९२० पासूनच काम करीत होत्या. देशातल्या कॅथलिक रुग्णालयांची संघटना १९४३ मध्ये त्यांनीच उभी केली.

आजची अडचण वेगळी आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ज्या लहान दवाखान्यांचा खर्च अशा वाटपावर चाले, त्यांचा हात आखडला. पूर्णवेळ डॉक्टर नसलेला दवाखाना नोंदणीच्या नियमांत बसत नाही. नियम चुकीचा नाही, पण तो लागू होतो नोंदवही ठेवणाऱ्या नर्सला. बाटल्या चढवणाऱ्याकडे नोंदवहीच नसते, म्हणून त्याला कोण हटकणार? २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा अर्भक मृत्युदर (वर्षाच्या आतल्या बाळांचा) हजारी २८ होता आणि मध्य प्रदेशाचा ४३. अशा राज्याने प्रशिक्षित नर्स घरी बसवणे परवडणारे नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी, टीबीच्या गोळ्यांचा पाठपुरावा ही सरकारी कामे या दवाखान्यांना करार करून द्यावीत. हिशेब सरकारने तपासावा, खुशाल तपासावा.

आणि आपल्या मराठी मंडळींना एक विनंती. सिस्टरांचा अर्धा दिवस आता कागदांत जातो. राज्य सरकारच्या समग्र आयडीवर एक नाव, आधारवर दुसरे, म्हणून आयुष्मान कार्ड अडते, मजुरी खात्यात येत नाही, केवायसी पुन्हा मागतात. हे काम इंदुरातला कोणीही निवृत्त बँकवाला, तलाठी किंवा पोस्टमन डोळे मिटून करील. गणेशोत्सवात वर्गणी जमवणाऱ्या मंडळांनी महिन्यातून एक दिवस अशी माणसे उदयनगरकडे धाडावीत. जीपचे भाडे आम्ही काही निवृत्त सहकारी देऊ.

पत्र लांबले आहे. छापताना कात्री लावणे भागच असेल तर रोमचा परिच्छेद काढा, सावकाराचा ठेवा.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
रामबाग, इंदूर