मेंदूचं ‘खरं वय’ छापण्याआधी

मा. संपादक,
स. न.

परवाच्या पुरवणीतला ‘तुमच्या मेंदूचं खरं वय’ हा लेख वाचल्यापासून मन शांत नाही. एमआरआय पाहून संगणक वय सांगतो, इथपर्यंत बरोबर. पण ‘खरं’ हा शब्द कुठून आला? संगणकाला हजारो निरोगी माणसांचे स्कॅन आणि त्यांची वयं दाखवून शिकवतात. मग नवा स्कॅन दिला की हा मेंदू साधारण किती वर्षांच्या माणसासारखा दिसतो, तेवढंच तो सांगतो. संशोधक जेम्स कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २,००१ निरोगी माणसांच्या स्कॅनवर हे केलं, तेव्हा सरासरी चूक ४ वर्षांहून जास्त होती. पुढे ती निम्म्यावर आली, पण ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांच्या स्कॅनवर. लेखात याबद्दल एक अक्षर नाही.

हे मला शोधावं लागलं ते बाबांमुळे. गेल्या वर्षी भावाने मुंबईला त्यांची सगळी तपासणी करून घेतली. बाबांचं वय ७४. रिपोर्टात एक ओळ, इंग्रजीत: मेंदूचं वय ८१. बाकी खुलासा नाही. त्या दिवशी बाबांना खोकला होता. यंत्रात डोकं हलत होतं म्हणून दोनदा परत झोपवलं. डोकं हललं की मेंदूचा करडा थर आहे त्याहून पातळ दिसतो आणि वय जास्त निघू शकतं, हे कोणी सांगितलं नाही.

गावच्या देवस्थानाचा जमाखर्च बाबा २२ वर्षं लिहीत होते. जत्रेच्या रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात बसून लिहिलेला हिशेबही सकाळी जुळायचा. मुंबईहून आले आणि वही मानकऱ्यांच्या हवाली केली. “माझो मेंदू एक्क्याऐंशीचो झालो. हिशेब चुकलो तर गावाक काय सांगू?” विसरभोळेपणा काही नव्हता, आजही नाही. कोल्हापूरच्या मेंदूतज्ज्ञांनी तासभर तपासून तसं सांगितलं, तरी वही काही परत घेतली नाही. छापील आकड्यावर त्यांचा विश्वास जास्त. आणि आता तुमचा लेख त्यांनी कात्रण करून ठेवलाय.

रुग्णाच्या हातात असा आकडा देताना तो किती वर्षांनी चुकू शकतो, ते शेजारी लिहिलंच पाहिजे. तुम्हीही खुलासा छापा, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत. मला तो बाबांना दाखवायचा आहे. आणि तेवढं वितरण विभागालाही कळवा, आठवडाभर आमच्याकडे अंक दुपारच्या एसटीने येतोय.

आपला वाचक,
वेंगुर्ले