केटचं चित्र

कायर्नार्वन, वेल्स
१३ फेब्रुवारी

प्रिय नीलू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. दादा गेल्यापासून वहीला हात लावलेला नाही, असं तू लिहिलंस आणि मला उत्तर सुचेना. रोज कागद पुढे घ्यायची आणि ठेवून द्यायची. आज बसलेय, कारण समोरच्या भिंतीवर एक बाई आहे आणि तिच्याबद्दल तुला सांगायचं आहे.

केट रॉबर्ट्स. वेल्श भाषेतली फार मोठी कथाकार. तिला इथे ‘आमच्या साहित्याची राणी’ म्हणतात. जन्म १३ फेब्रुवारी १८९१ चा, म्हणजे आजचाच दिवस. तिचं म्हातारपणीचं एक छायाचित्र मी कॅनव्हासवर छापून घेतलं. पहिली प्रत आली तेव्हा मी हिरमुसले. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून कडा मागे दुमडतात, त्यात चारही बाजूंनी दोन-दोन बोटं चित्र जातं. त्या दुमडीत तिचा हातच गेला होता. दुकानदार म्हणाला, चेहरा आलाय की पूर्ण! पण लिहिणाऱ्या बाईचा हात कापून कसं चालेल गं? भोवती कोरी जागा सोडून पुन्हा छापून घेतलं. आता पांढरे केस, सुरकुत्या, आणि खाली तो हात. कॅनव्हासच्या विणीमुळे कातडी खरी वाटते. इथल्या भिंती ओल धरतात, म्हणून बाहेरची भिंत सोडून आतल्या भिंतीवर लावलंय.

तिचं गाव रोसगाडवान, इथून जवळच, डोंगरावर. ऑक्टोबरमध्ये मी गेले होते. काइर गोर्स नावाचं तिचं छोटंसं दगडी घर आता जतन केलंय. दारातून खाली समुद्र दिसतो, पलीकडे अँगलसी बेट. आजूबाजूला स्लेटच्या खाणींचे ढिगारे. आपल्या लहानपणच्या पाटीचा दगड तो! तिचे वडील त्याच खाणीत राबायचे, घरी जोडीला थोडीशी शेती. अशा घरातली मुलगी बँगरच्या कॉलेजात वेल्श शिकली आणि शाळेत शिक्षिका झाली.

मग पहिलं महायुद्ध. तिचा धाकटा भाऊ डेव्हिड जखमी झाला आणि १९१७ मध्ये माल्टात वारला. ती पुढे सांगायची की काय घडतंय ते कळेना, जीव घुसमटू नये म्हणून लिहावं लागलं. हे वाचलं तेव्हा मला तूच आठवलीस. तिचं पहिलं पुस्तक आलं १९२५ मध्ये. भाऊ गेल्यावर आठ वर्षांनी, नीलू. तुला तर अजून वर्षही झालेलं नाही.

तिची एक कादंबरी आहे, नावाचा अर्थ ‘बेड्यांतले पाय’, १९३६ ची. त्यात जेन नावाच्या आईला सरकारी पत्र येतं. पत्र इंग्रजीत, तिला येते फक्त वेल्श. मुलाचं नाव तेवढं ओळखू येतं. ती पत्र घेऊन दुकानदाराकडे धावते, आणि मुलगा गेल्याचं तिला दुसऱ्याच्या तोंडून कळतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. त्याच युद्धात आपल्या साताऱ्याकडच्या अपशिंग्याचेही जवान गेले होते. तिथल्या किती आयांनी असा न वाचता येणारा कागद हातात धरला असेल!

पुढे नवऱ्याबरोबर तिने डेनबीतला ग्वास्क जी हा जुना छापखाना घेतला. १९४६ मध्ये नवरा गेला. पुढची दहाएक वर्षं छापखान्याचा सगळा भार तिच्यावर. १९३७ नंतर थेट १९४९ पर्यंत तिचं नवं पुस्तक नाही. बारा वर्षं! आणि मग साठी उलटल्यावर एकामागून एक पुस्तकं. रोसगाडवानच्या लहानग्या मुलींच्या कथा १९५९ मध्ये आल्या, तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. पोरींची भांडणं, हट्ट, भीती अशी लिहिलीय की वय आठवतच नाही. मला त्या कथा सगळ्यांत आवडतात. इंग्रजी अनुवाद पुढच्या महिन्यात ताईबरोबर पाठवते.

संध्याकाळी दिवा लावला की ती माझ्याकडेच बघतेय असं वाटतं. नजर कडक आहे, पण रागावलेली नाही. आपल्या शाळेतल्या बाई वही तपासायच्या आधी बघायच्या ना, तशी.

तू लिहीच, असं मी म्हणणार नाही. पण वेण्णेला पूर आला होता आणि दादा तुला सायकलवर घेऊन निघाला होता, ते तू मला हॉस्टेलवर एकदा सांगत होतीस. मध्येच जेवणाची घंटा झाली आणि गोष्ट राहिली. तुम्ही पुलापर्यंत पोचला होतात. पुढे काय झालं? मला पत्रातून कळव. फोनवर सांगू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
सुमा