ट्रॅक्टरही बंद करायला लावणाऱ्या गेटमन काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव आणि फाटकाचा नंबर मुद्दामच लिहीत नाही. उगाच कुणीतरी नियमाचं पुस्तक घेऊन तुमच्या मागे लागायचा. वर्धा–बल्लारशा पट्ट्यातलं फाटक, कॅमेरावाला पोरगा, एवढ्यावर तुम्ही ओळखाल.

त्या दिवशी सकाळपासून मी कोळशाच्या गाड्यांमागे मोटारसायकल दामटत होतो. मालगाडीला पॅसेंजरसारखं छापील वेळापत्रक नसतं. कंट्रोल रूम सोडेल तेव्हा सुटणार, आणि मागून सुपरफास्ट आली की बाजूच्या लूप लाइनीत जाऊन मुकाट उभी राहणार. म्हणून तर माजरीकडे हुकलेली गाडी भांदकच्या बाजूला पुन्हा गाठायची आशा धरता येते.

तुमच्याकडे पोचेपर्यंत मात्र माझं तोंड कडू झालं होतं. आधी एका स्टेशनात, प्लॅटफॉर्म तिकीट हातात असताना, कडेपासून चांगला लांब उभा असताना, एका साहेबांनी चारचौघांत झापलं होतं. "कोळशाचे डबे शूट करतो? डोकं ठिकाणावर आहे का?" इथे कॅमेरा नको, असं म्हणाले असते तर मी तिथल्या तिथे बंद केला असता. नियम सांगायला आवाज कशाला चढवावा लागतो? आणि ज्या डब्यांना ते हसले, त्यांच्याच भाड्यावर रेल्वेचा बराचसा गाडा चालतो, हे त्यांना कुणी सांगावं!

तुम्ही विचारलंत, "काय पायजे?" मी सांगितलं. तुम्ही फाटकाबाहेरची जागा दाखवलीत, "याच्या आत नोको येऊ" म्हणालात आणि आपल्या कामाला लागलात.

मग फोन वाजला, फाटक पडलं, आणि नेहमीचं सुरू झालं. दोन्हीकडे मोटारसायकली, त्यांची फटफट, कुणाचा तरी उगाचच हॉर्न. माझी निम्मी रेकॉर्डिंग अशीच वाया गेलेली आहेत. मी काही बोललो नव्हतो, नुसता माइककडे बघत होतो. तुम्ही ते पाहिलंत आणि हाळी दिलीत, "गाड्या बंद करा ना जी थोड्या! पोट्ट्याले आवाज घ्याचा हाय!"

लोक हसले, पण बंद केल्या. ट्रॅक्टरवाल्यानेसुद्धा. चालू ट्रॅक्टर कुणा अनोळखी माणसाच्या छंदापायी कोण बंद करतो हो?

काय आवाज मिळाला, काका! आधी रुळांची बारीक कुरकुर, मग वॅग-९ इंजिनाच्या ब्लोअरचा घोंगावता सूर, आणि मागे भरलेल्या बॉक्सएन डब्यांची जड, सलग घरघर. रिकामी गाडी रिकाम्या डब्यांच्या पोटातून खडखडते. भरलेली आवाज दाबून जमीन हलवत जाते. तो फरक पहिल्यांदा इतका स्वच्छ पकडता आला. एका डब्याचं चाक कुठेतरी चपटं झालेलं असावं. त्याचा ठोका लांबून जवळ येतो, समोरून जातो आणि पार विरेपर्यंत ऐकू येतो.

तेवढ्या वेळात तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. हिरवी झेंडी हातात, नजर एक्सलवर, कुठे धूर, कुठे काही लोंबकळतंय का. शेवटच्या डब्याची पाटी दिसली, गार्डशी झेंडी झाली, मगच तुम्ही हललात. (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण तुम्हीही गार्डच म्हणालात.)

मालगाडीत बघण्यासारखं काय आहे, हे बहुधा तुम्हालाही कळलं नसेल. तुम्ही विचारलंही नाहीत. माणसाला वेड असतं एखादं, त्यात आपलं काही जात नसेल तर चार शब्द त्याच्या बाजूने टाकावेत, इतकं साधं धोरण. हुद्दा वाढला की हे का सुटतं कोण जाणे. सुटत नाही अशीही माणसं असतात म्हणा. पण त्या सकाळी मला ती भेटली नव्हती.

व्हिडिओच्या सुरुवातीचा तुमचा आवाज काप, असं एका मित्राने सुचवलं. मी नाही कापला. पेनड्राइव्हवर भरून ठेवलाय, पावसाच्या आधी आणून देतो. तोवर तुमची ड्यूटी दुसऱ्या फाटकावर लागली, तर नव्या गेटमनकडे निरोप तेवढा ठेवा. शोधत येईन. मालगाडीपेक्षा तरी तुम्ही लवकर सापडाल.

तुमचा,
कॅमेरावाला पोट्टा